तिसऱ्या गठ्ठ्यातलं कार्ड

लखनौच्या एका कंपनीत १९८५ साली परीक्षेचे निकाल संगणकावर लावायचं काम आलं, तेव्हा प्रोग्रॅम तपासायची जबाबदारी पद्मा आपटेवर होती. प्रोग्रॅम कुठे चुकेल याची एकेक शक्यता ती एकेका कार्डावर लिही. दोनशेच्या वर कार्डं झाली. त्यातलं एक तिनं कुसुमवरून लिहिलं होतं : विद्यार्थी आजारी, प्रात्यक्षिक उशिरा, गुण वेगळ्या कागदावर. इंदिरा नगरात शेजारी राहणारी कुसुम तिच्याकडे गणित शिकायला यायची. ऐन प्रात्यक्षिकाच्या वेळी तिला कावीळ झाली होती.

निकालाला आठवडा उरला. साहेब बर्वे म्हणाले, "सगळं तपासून होणार नाही. गट पाडा. आधी नेहमीचं, मग चुकीचे आकडे. बाकीचं वेळ मिळाला तर."

पद्मानं टेबलावर तीन गठ्ठे मांडले. ते कार्ड हातात आलं तशी ती थबकली.

"अशी मुलं कितीशी असणार?" बर्व्यांनी विचारलं.

"हजारात एखादं."

तिनं ते तिसऱ्या गठ्ठ्यात ठेवलं. त्या गठ्ठ्याला वेळ मिळालाच नाही.

जूनमध्ये कुसुम नापास झाली. "दीदी, हमने तो सब लिखा था," म्हणत ती पद्माच्या दारात रडली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तिनं ते कार्ड तपासलं. वेगळ्या कागदावरचे गुण प्रोग्रॅम घेतच नव्हता, शून्य धरत होता.

तिनं परीक्षा मंडळाला पत्र लिहिलं, नापास मुलीचं लग्न उरकायला निघालेल्या कुसुमच्या वडिलांपुढे हात जोडले. "भाईसाहब, गलती हमारी है. थोड़ा रुक जाइए."

ते थांबले नाहीत. जुलै उजाडायच्या आत लखनौजवळच्या मलिहाबादला एका आंब्याच्या बागवाल्याच्या घरात कुसुम दिली गेली.

ऑगस्टमध्ये दुरुस्त गुणपत्रिका घेऊन पद्मा मलिहाबादला गेली. डोक्यावरचा पदर सावरत कुसुमनं ती वाचली, गणितातल्या शहाण्णववरून बोट फिरवलं.

"कुसुम, ये गलती हो सकती है, हमें मालूम था. हमने जाँचा नहीं."

"आपको मालूम था, दीदी?"

"हाँ."

आतून सासूनं हाक मारली. गुणपत्रिका कुसुमनं पद्माच्या हातात परत दिली आणि "चाय पीकर जाइए" एवढं म्हणून आत गेली.

चहा सासूनं आणून दिला. कुसुम पुन्हा बाहेर आली नाही.