अंजनाचं घर, भिमाजीचं नाव

मी दौंडचा, भीमेच्या कडेला एकटाच उभा असलेला एक बंगला. बंगला म्हणायचं ते कौलांमुळे आणि पुढच्या व्हरांड्यामुळे. एरवी आत खोल्या तीनच. रेल्वेतल्या डग्लस नावाच्या गार्डानं मला हौसेनं बांधलं. म्हातारपणी मुलांकडं ऑस्ट्रेलियाला जायचं ठरलं, तेव्हा त्यानं मला विकायला काढलं. माझ्या नशिबातलं वाईट ते एवढंच, असं तेव्हा वाटलं होतं.

पंचाहत्तर सालच्या थंडीत अंजना मला बघायला आली. इथल्याच बौद्धवाड्यातली मुलगी. नर्सिंग शिकून इंग्लंडला गेली, तिथंच लग्न झालं, मुलं झाली, आणि पुढं तिनं तिकडचं नागरिकत्वही घेतलं. पण आई, भागुबाई, इकडं खाटेला खिळलेली. अर्धं अंग गेलेलं. वाड्यातल्या एका खोलीत आई, भाऊ भिमाजी, भावजय साखरबाई आणि त्यांच्या दोन पोरी. अंजना सुट्टीत आली की निजायला शेजाऱ्यांकडं जायची. वर्षातला एक महिना तरी आईच्या उशाशी झोपता यावं, एवढ्यासाठी तिला घर हवं होतं.

सोपानराव वकील माझ्या व्हरांड्यात बसून म्हणाले, "बाई, तुम्ही आता परदेशी नागरिक. नव्या कायद्यानं तुम्हाला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागेल."

"मी परदेशी? माझी नाळ इथं पुरलीय, वकीलसाहेब!"

"नाळ कुठं पुरली ते कायदा विचारत नाही. पासपोर्ट कुठला ते विचारतो."

परवानगी कधी मिळेल, मिळेल की नाही, सांगता येत नव्हतं. डग्लसचं निघायचं ठरलेलं, अंजनाची रजा संपत आलेली. तेव्हा भिमाजी पुढं झाला. "माझ्या नावावर घे की, ताई. मी काय परका हाय व्हय?"

वकिलांनी मान हलवली. "हे बरं नव्हे. उद्या काही झालं तर तुम्हाला तोंड उघडता यायचं नाही."

"भाऊ हाय माझा," अंजना म्हणाली. संपलं. खरेदी भिमाजीच्या नावानं झाली आणि आईसकट सगळं घर वाड्यातून माझ्यात राहायला आलं.

पुढचा हिवाळा मी कधी विसरणार नाही. अंजनाची मुलं पालीला बघून किंचाळायची आणि साखरबाईच्या पोरी हसून लोळायच्या. अंजना आईला चमच्यानं पेज भरवायची. भागुबाईचे शब्द नीट उमटत नसत, पण ती लेकीचा पदर मुठीत धरून झोपायची. मला वाटायचं, माणसांनी घरं बांधायची ती यासाठीच.

मग भिमाजीला कावीळ झाली. अंगारे झाले, झाडपाला झाला, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. अंजनाला तार मिळाली तेव्हा सगळं आटोपलं होतं. माझ्यावर आता साखरबाईचं नाव लागलं.

थंडीत अंजना एकटीच आली. साखरबाईनं तिला चहा दिला आणि समोर उभी राहून म्हणाली, "वन्सं, घर विकायचं ठरवलंय म्या."

अंजनानं बशी खाली ठेवली. "असं नको गं करू. आई हाय तवर तरी. मी दर म्हयन्याला पैसं पाठवीन."

"पैसं पाठवाल. माणूस कुठनं पाठवाल?" साखरबाईचा आवाज चढला नाही, उलट बसत गेला. "हितं हाक मारली तर ओ द्यायला कुणी न्हाई. दोन पोरी, आन् आत्याबाईंना कूस बदलायला बी दोघी लागत्यात. मागं एकदा राती कुणी दार वाजवलं तर पोरींना पोटाशी धरून बसले व्हते. वाड्यात शेजार हाय. मला माणसांत जायचंय."

"अगं पण हे घर मी..."

"तुमचंच हाय. मी कुठं न्हाई म्हंते? मग ऱ्हावा तुमी हितं. आजपासनं सांभाळा आईला. मी एक पै घेत न्हाई, सही करते."

पण तिकडं अंजनाचा नवरा होता, शाळेत जाणारी मुलं होती, नोकरी होती. ती उठून आतल्या खोलीत गेली, आईच्या खाटेचा खूर धरून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मी दगडविटांचा, तिला भिंतीचा आधार देण्यापलीकडं काय करणार?

दुसऱ्या दिवशी ती वकिलांकडं जाऊन आली. साखरबाईला तिनं स्वतःच सांगितलं, "घर माझं म्हणायचं तर कायदा चुकवून घेतलं हेबी कबूल करावं लागंल. मला तोंड न्हाई." साखरबाई तिच्याशेजारी बसली.

कांद्याच्या एका व्यापाऱ्यानं मला विकत घेतलं. भागुबाईला खाटेसकट बाहेर काढलं तेव्हा तिनं चांगल्या हातानं माझी चौकट पकडली. अंजनाला आईची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

आता माझ्यात कांदा साठवतात. उग्र वास भिंतींत मुरलाय, कौलं गळतात, व्हरांड्यात फाटकी पोती पडलेली असतात. भागुबाईनं वाड्यातच प्राण सोडला, असं हमालांच्या बोलण्यातून कळलं. गेल्या थंडीत अंजना आणि साखरबाई रस्त्यानं चालल्या होत्या. फाटकापाशी साखरबाई थांबली. "जायचं का आत?"

अंजनानं माझ्याकडं बघितलं, पण पाऊल उचललं नाही. "नको. पोरी वाट बघत असतील," म्हणाली. साखरबाईच्या खांद्यावर हात ठेवून ती पुढं चालू लागली. मला हाक मारता आली नाही.

बाबांनो, कधी भीमेकडं आलात तर नाकाला रुमाल लावा, पण क्षणभर माझ्या दारात उभे राहा. दोन शब्द बोला, मोठ्यानं. पोती ऐकतात, पण बोलत नाहीत हो.