खांडेनवमीला मला सुट्टी होती

मी एक जुनी लाकडी टेनिसची रॅकेट आहे, आणि मित्रांनो, मला तुमच्याकडून कौतुक नको आहे. मला हातात घेणारा प्रत्येक जण म्हणतो, "वा, इतक्या वर्षांनी अजून कशी सरळ आहे!" खरंच आहे ते. दांड्याला वाक नाही, कड्याला भेग नाही. पण हे वाक्य ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का होतं ते सांगते.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. लाकडाच्या पातळ पट्ट्या मऊ करून, सरस लावून, साच्याभोवती वाकवून मला बनवलं. १९७४ साली मी बेळगावात आले, कॅम्पातल्या एका क्लबात. ज्यांनी मला विकत घेतलं ते वकील रघुवीर दोनच आठवड्यांत खेळाला कंटाळले. क्लबाचा मार्कर होता रवळू. गुंजीचा माणूस. कोर्टावर रोलर फिरवणं, चुन्याच्या रेषा मारणं, सभासदांना खेळायला कोणी नसलं की समोर उभं राहणं, हे त्याचं काम. वकिलांनी मला त्याच्या खोलीत टाकून दिलं.

क्लबाच्या जाळ्या फाटल्या की त्या विणायला जवळच्याच वडगावचे आण्णाप्पा येत. ते विणकर. त्यांच्या बोटांना गाठ मारायला डोळे लागत नसत. त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा धर्मराज येई, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. एकदा रवळूने सहज त्याच्या हातात मला दिलं आणि पलीकडून चेंडू मारला. धर्मराजने तो परत मारला. रवळूने जोरात मारला, तोही परत आला. त्या संध्याकाळी मी सायकलच्या दांडीवर बसून वडगावला गेले, ती कायमचीच. वकिलांनी आनंदाने परवानगी दिली, कारण मी त्यांच्या खिजगणतीतही नव्हते.

आण्णाप्पांच्या घरात मला जे सुख मिळालं ते कोणत्या रॅकेटला मिळालं असेल असं वाटत नाही. ओल्या हवेत लाकूड वाकतं, म्हणून त्यांनी सुताराकडून माझ्यासाठी लाकडी प्रेस, म्हणजे मला दाबून सरळ ठेवणारी चौकट, करून घेतला. खेळ झाला की मला त्यात घालायचं आणि चारही स्क्रू आवळायचे. पावसाळ्यात वर जुन्या साडीचा तुकडा गुंडाळायचा. माझी तार सैल झाली की ते कानाशी धरून टिचकी मारत आणि आवाजावरून ओळखत. मागावरचा ताणा ते असाच तपासत असत.

आणि खांडेनवमी! त्या दिवशी वडगावात एकही माग वाजत नाही. धोटा, फणी, कात्री, सगळं पुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, आणि दिवसभर हत्याराला कोणी हात लावत नाही. वर्षभर राबलेल्या हत्याराला एक दिवस विसावा. पहिल्याच वर्षी आण्णाप्पांनी मला धोट्याशेजारी ठेवलं. मी फुगून गेले. धर्मराज मला उचलायला आला तर आण्णाप्पा म्हणाले, आज नाही, आज तिची सुट्टी आहे. मग तो सायकल काढून क्लबात गेला आणि रवळूची रॅकेट मागून घेऊन दिवसभर खेळला. यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही. घरात कुणालाच वाटलं नाही. पुढची सहा-सात वर्षं दर खांडेनवमीला हेच झालं.

धर्मराज मोठा होत गेला तशी आमची भ्रमंती वाढली. निपाणी, कोल्हापूर, धारवाड, मग पुणे, मग मद्रास. वर्तमानपत्रात दोन ओळी छापून आल्या की आण्णाप्पा त्या कापून मागाच्या खांबाला चिकटवत. त्यांचा हातमाग बंद पडून घरात दोन पॉवरलूम आले होते. साडी कोणी विणली हे आता कुणी विचारत नसे. मुलाचं नाव मात्र जगाच्या यादीत छापून यावं, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. अशी एक यादी असते, मित्रांनो. तिच्यात जगातल्या टेनिस खेळाडूंना नंबर असतात. तिच्यात शिरायचं तर गुण लागतात, आणि गुण मिळवायला धर्मराजसारख्याने सलग पाच आठवडे पाच शहरांत खेळायचं. पाचव्या आठवड्यापर्यंत टिकला तर गुण. चौथ्यात घरी आला तर आधीचं सगळं पाण्यात.

१९८१ च्या खांडेनवमीला मी पाटावर होते. धर्मराज क्लबातून परत आला, आणि मी पहिल्यांदा पाहिलं की त्याने शर्ट डाव्या हाताने काढला. उजव्या खांद्यात दोन महिन्यांपासून कळ येत होती. डॉक्टरांनी तीन महिने रॅकेट धरू नको म्हणून सांगितलं होतं. पाच आठवड्यांची ती फेरी महिन्यावर आली होती. त्याच्या आई गंगव्वा त्याचा खांदा शेकत होत्या आणि जाऊ नको म्हणत होत्या. धर्मराजने वडिलांकडे बघितलं.

"आप्पा, एक वरीस सोडू काय?"

 आण्णाप्पा मागाकडे बोट करून म्हणाले, "तार तुटली म्हणून माग बंद ठेवतोय काय आपण? सांधायची आन् चालवायचं."

ते निर्दयी नव्हते हो. मुलाचा खांदा ते रोज तेलाने चोळत. पण तुटलं ते सांधता येतं, यापलीकडे त्यांच्या आयुष्याने त्यांना काही शिकवलंच नव्हतं. विणकराची ही चूक होती.

आम्ही निघालो तेव्हा रवळू गावी जायला म्हणून आमच्याच गाडीत बसला. गुंजी स्टेशनात तो उतरला, खिडकीशी आला आणि माझ्या प्रेसवर हात ठेवून म्हणाला, "हिला घालतोस तसं एक दिस सोताला बी पेटीत घाल रं." धर्मराज हसला. गाडी सुटली.

त्या पाच आठवड्यांबद्दल मी फार सांगणार नाही. बंगळूर, मद्रास, हैदराबाद, कलकत्ता, दिल्ली. हरणाऱ्याला दोन दिवस तरी झोप मिळे. जिंकणाऱ्याला घामाच्या कपड्यांनीच गाडी गाठावी लागे, कारण पुढच्या शहरात दुसऱ्या दिवशी सकाळी पात्रता फेरी असे. धर्मराज जिंकत होता. डब्यात जागा नसली की तो दाराशी उभा राही, मला मात्र वरच्या फळीवर जागा मिळे. हैदराबादला त्याने खांद्यात पहिलं इंजेक्शन घेतलं. कलकत्त्याला दुसरं आणि तिसरं. इंजेक्शनाने कळ जात नाही, फक्त कळायची थांबते. त्याला कळत नव्हतं, पण मला कळत होतं. लाकडाचा हादरा दांड्यातून थेट खांद्यात जातो. प्रत्येक फटक्याला आतून काहीतरी सुटत होतं, आणि ते सोडवणारी मीच होते. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

दिल्लीला दुसऱ्या फेरीत त्याने सर्व्हिससाठी मला वर नेलं, आणि मी खाली आलेच नाही. म्हणजे त्याच्या बोटांतून सुटून मागे जाऊन पडले. तो हात तसाच अर्धा वर धरून उभा राहिला. पंचांनी विचारलं तेव्हा त्याने डाव्या हाताने मला उचललं आणि उरलेला सामना खालून सर्व्हिस करत पुरा केला. हरला, पण पुरा केला. पाच आठवडे झाले.

गुण मिळाले. यादी आली. सातशेच्या पुढच्या कुठल्याशा नंबरावर बारीक अक्षरात त्याचं नाव होतं. आण्णाप्पांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले आणि तो कागद खांबाला चिकटवला. मित्रांनो, ते गुण फक्त एक वर्ष टिकतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. नवे मिळवले नाहीत तर नाव गळतं. धर्मराजचा हात तोवर खांद्याच्या वर जाईनासा झाला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, वेळेवर विश्रांती दिली असती तर बरा झाला असता. आता नाही. पुढच्या वर्षीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

तो आता जवळच्या शहापुरात साड्यांच्या दुकानात बसतो. वरच्या फळीवरची साडी काढायची झाली की दुसऱ्याला हाक मारतो. चोवीस वर्षांच्या त्या मुलाचे केस सकाळी गंगव्वा विंचरतात. 

परवाच, १९८५ च्या खांडेनवमीला, आण्णाप्पांनी नेहमीप्रमाणे माग बंद केले. धोटा पुसला, फणी पुसली, मला पुसलं. हळदकुंकू वाहिलं. मग ताम्हण हातात घेऊन ते उठले आणि दाराशी बसलेल्या धर्मराजसमोर जाऊन खाली बसले. त्यांनी त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्यावर हळद लावली, कुंकू लावलं.  ज्या बोटांची गाठ कधी चुकली नाही, त्याच बोटांनी.

धर्मराज हाताकडे बघत म्हणाला, "आप्पा, ह्येला आता रोजच सुट्टी हाय."

आण्णाप्पा तिथेच बसून राहिले. गंगव्वांनी दोनदा जेवायला हाक मारली, तरी उठले नाहीत.

मित्रांनो, रॅकेटी जपा, बॅटी जपा, सायकलींना तेल द्या. पण ज्या हाताने ते सगळं करता तो हातही दुखतो, आणि त्याला प्रेस नसतो. तुमच्यापैकी कुणी दमलो म्हणाला तर त्याचं ऐका. इतकंच मला मागायचं होतं. माझं मागणं उशिराचं आहे, हे मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माग सुरू झाले. आण्णाप्पांनी सवयीने मला प्रेसमध्ये घातलं आणि चारही स्क्रू आवळले. मी अजून सरळ आहे.