माईची वेणी

तुळजाबाई पेटी टेबलावर ठेवायला तयार नव्हत्या. नरखेडकडच्या आपल्या गावाहून एसटीने त्या ती मांडीवर घेऊन आल्या, आणि प्रतापनगरातल्या माझ्या प्रयोगशाळेतही मांडीवरच घेऊन बसल्या. सोबत मुलगा संजीव आणि आठवा महिना लागलेली सून प्रणाली.

पेटीत माणसाच्या केसांची, हातभर लांबीची वेणी होती. पटकीच्या साथीत घरोघरी बाळंतपणं करत फिरलेल्या कुणा माईची. गावातली प्रत्येक गरोदर बाई नवव्या महिन्यात त्या वेणीला तेल लावते आणि हाताला उरलेलं तेल स्वतःच्या केसांना चोळते. जुने केस, हाडं, कातडी जपणं हे माझं काम आहे. कुणाची श्रद्धा दुरुस्त करणं नाही. पण इतक्या वर्षांच्या तेलाने वेणी चिकट होऊन तिला कीड लागली होती. शिवाय एक उग्र दर्प येत होता.

"हा वास कसला?" मी विचारलं.

संजीव खाली बघत म्हणाला, "किडे दिसले न मॅडम. कपाशीवर फवारतो, तेच औषध मारलं. दोन डाव."

माझं डोकं फिरलं. "अहो, ते विष आहे!"

"माईले वाचवाचं होतं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले आणि मला पुढे ओरडता येईना.

तीन आठवडे मी मास्क, हातमोजे घालून मऊ ब्रशने एकेक बट साफ केली. कीड गेली, वेणी सावरली. विष मात्र केसांत मुरलं होतं. तपासणीत ते पुन्हापुन्हा दिसलं. ती तिघं न्यायला आली तेव्हा वेणी काचेच्या बंद पेटीत होती.

"दर्शन घ्या, पण हात लावायचा नाही," मी सांगितलं.

"काहून?" तुळजाबाई एकदम उठल्या. "हिले नववा लागला. पयल्या डावाले हे पोरगी माहेरी होती, माईले तेल लागलं नाई, अन् लेकरू पोटातच गेलं."

"आजी, हे विष कातडीतून आत जातं. बाळाला धोका आहे."

"एक बोट लावू का, मॅडम?" प्रणालीने इतक्या हळू विचारलं की मला रडू आलं. मी मान हलवून नाही म्हटलं.

तुळजाबाईंनी काचेवरची नजर माझ्या हातांकडे वळवली. मग म्हणाल्या, "तू किती दिवस हात लावून राहिली होती वं माईले?"

"तीन आठवडे. पण मोजे घालून."

"मोजे तर मोजे. हात धुऊन ये."

मी साबणाने तीनदा हात धुतले. परत आले तर प्रणाली केस मोकळे सोडून खाली बसली होती आणि तुळजाबाईंनी पिशवीतून तेलाची बाटली काढली होती. मी कधी कुणाच्या डोक्याला तेल लावलेलं नाही. मला मूलबाळ नाही, माझे केसही कानापर्यंतच. तेलात बोटं बुडवून, तीन आठवड्यांच्या सवयीने, मी एकेक बट अलगद उचलू लागले.

"अशी भिऊन नको लावू वं," तुळजाबाई म्हणाल्या. "जित्ती हाय माही सून. रगडून लाव."

मी तळहातावर तेल ओतून घेतलं आणि दोन्ही हातांनी तिचं डोकं चोळू लागले. डोकं चांगलं गरम होतं.