धाकट्याच्या छातीवरच्या चार चकत्या

मित्रांनो, ही दोघा भावांची गोष्ट. आधी खाटेवरच्या थोरल्यांना काय मिळणार होते ते पाहू. अतिदक्षता विभागातून साध्या खोलीत हलवले की नात त्यांना भेटू शकणार होती. आमच्याकडे लहान मुलांना मज्जाव. त्यासाठी केलेल्या लबाडीत तोटा कोणाचाच नव्हता. निदान दोघा भावांना तसे वाटले.

मी एक जुना हृदयाचा मॉनिटर आहे. मी सुई टोचत नाही, नळी घालत नाही. छातीवर चार चिकट चकत्या लावा, हृदय किती रक्त पुढे ढकलते ते मी सांगतो. मी नवा होतो तेव्हा मोठमोठे डॉक्टर मला पाहायला वाकत. मग रंगीत पडद्याची भावंडे आली आणि लोक माझ्या डोक्यावर हातमोज्यांची खोकी ठेवू लागले. फळीचे काम करतानाही मी आकडा खराच सांगत होतो.

दोघे भाऊ घरसामान हलवण्याचा धंदा करत. धाकटा अख्खे कपाट एकट्याने पाठीवर घेई. पाहायला कोणी नसले की मात्र ते त्याला जड लागे. हल्ली तो मजल्यामजल्यावर थांबायचा आणि दोष गुडघ्यांना द्यायचा. गुडघे बिचारे उलट बोलत नाहीत.

त्या सकाळी डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजोबा, आकडा जरा वर येऊ दे. मग हलवते."

थोरल्यांचा चेहरा पडला. सिस्टर शेजारच्या खाटेकडे वळताच धाकट्याने पडदा ओढला.

"दादा, तुझं इंजिन खटारा. माझं जोडतो. बाई एकदम खूश!"

"पैलवान, सापडलो तर?"

"सापडायला आपण काय कपाट चोरतोय?"

त्याने चकत्या स्वतःच्या छातीवर डकवल्या आणि वरून सदरा ओढला. मित्रांनो, मी हादरलो! एवढी भरदार छाती, आणि आतले हृदय कसेबसे रक्त ढकलत होते. खाटेवरच्या माणसापेक्षा स्टुलावरचा माणूस जास्त आजारी होता. मी जीव तोडून ओरडलो.

सिस्टर धावत आल्या, आकडा पाहून पांढऱ्या पडल्या आणि बाईंना बोलवायला पळाल्या. तेवढ्यात धाकट्याने चकत्या उपटून भावाला परत लावल्या. बाई आल्या तेव्हा आकडा पूर्ववत झाला होता.

"घटकेत पाताळात, घटकेत वर? आणि नाडी, रक्तदाब तर उत्तम आहे." बाईंनी थोरल्यांना पुन्हा नीट तपासले. "यांना हलवू या. हे यंत्र म्हातारं झालंय, काढा."

दोघींची पाठ वळताच थोरल्यांनी हळूच विचारले, "तो आकडा तुझा होता ना रे?"

"खटारा आहे ते. बाईच म्हणाल्या ना?"

थोरल्यांनी मान डोलावली. नात भेटणार होती. आणखी विचारणे त्यांना परवडले नाही.

ते साध्या खोलीत गेले, मी अडगळीत.

नात आली त्या दिवशी लिफ्टपाशी गर्दी होती. धाकट्याने तिला खांद्यावर घेतले आणि जिना धरला. थोरल्यांच्या दारात त्याने तिला अलगद खाली उतरवले, भिंतीला टेकून बसला आणि उठलाच नाही. ती खेळ समजून टाळ्या वाजवत राहिली.

त्याला आमच्याकडे आणले. इतर सगळी यंत्रे गुंतलेली होती, म्हणून सिस्टरांनी मला ओढत आणून चकत्या लावल्या. आकडा उमटला आणि त्या बाईंकडे वळल्या.

"बाई... हा तोच आकडा आहे."

बाईंनी मला स्वतःकडे वळवून आकडा वाचला. दारातून थोरल्यांचा आवाज आला, "हो. त्याचाच होता तो. मी बोललो नाही."

सगळ्यांनी शर्थ केली. शेवटचा आकडाही मी खराच सांगितला. त्या वेळी मात्र कोणी शंका घेतली नाही.

मित्रांनो, यंत्राचे म्हणणे पटले नाही तर त्याला अडगळीत टाकण्याआधी चकत्या कोणाच्या छातीवर आहेत ते पाहा. आणि भाऊ प्रश्न थट्टेवारी नेऊ लागला, तर त्याला दुसऱ्यांदा विचारा.

आता हिशेब. मला खाटेशेजारची जागा परत मिळाली, डोक्यावरची खोकीही गेली. बाई आता आधी चादर उचलून चकत्या पाहतात. थोरल्यांना नात भेटली. भावाचा जीव गेला. परवा तपासणीला आले तेव्हा थोरले सिस्टरांना सांगत होते, नात आता कोणाच्याच खांद्यावर बसत नाही. आपणच जड झालो होतो, असे तिला वाटते.