गाळपेटीचा तिसरा पाऊस

साहेब येणार म्हटलं की आपल्याकडं आधी झाडू निघतो. शाळेत इन्स्पेक्टर यायचा असला की पोरांकडून बाकं पुसून घेतात, पुढाऱ्याची गाडी जायची असली की रस्त्याकडेच्या दगडांना चुना लागतो. साहेब गेले की दुसऱ्या दिवशी सगळं होतं तसं. ही खोड सगळ्यांचीच, तेव्हा एकट्या कुसुमावतीला दोष देण्यात काही अर्थ नाही. पण ती स्वतःला देते, अजून देते.

तिचा नवरा बाळकृष्ण शिंत्रे हुबळीच्या कमरीपेठेत पत्र्याचं काम करायचा. ट्रंका, धान्याच्या कोठ्या, पाण्याच्या टाक्या. हात सरळ आणि स्वभाव हाताहून सरळ. एकदा लग्नात द्यायच्या एका ट्रंकेचं झाकण अर्धं बोट वाकडं बसलं होतं. गिऱ्हाईक खूश होतं, ट्रंक नवरीबरोबर गदगला पोचलीसुद्धा होती. हा पठ्ठ्या बसनं गदगला गेला, नव्या नवरीला साड्या बाहेर काढायला लावल्या आणि झाकण नीट करून संध्याकाळच्या बसनं परत आला. अशा माणसाशी संसार करणं सोपं नसतं. कुसुमावतीनं तीस वर्षं केला होता.

उणकलला तळ्याजवळ घर बांधून ते राहायला आले, तेव्हा घरासमोरचं गटार बघून बाळकृष्ण बेचैन झाला. पाऊस पडला की रस्त्यावरची काळी माती, प्लास्टिक, गाड्यांचं सांडलेलं तेल, सगळं त्या गटारातून थेट तळ्यात जायचं. बाकीचे नाकाला रुमाल लावून पुढं जायचे. ह्यानं दोन वर्षं खपून गटारात बसेल अशी एक लोखंडी पेटी बनवली. पहिल्या कप्प्यात जाळी, तिथं कचरा अडायचा. दुसरा कप्पा खोल, तिथं पाणी थबकायचं आणि गाळ तळाला बसायचा. तिसऱ्यात खडी आणि नारळाचा काथ्या, त्यातून गाळून पाणी पुढं जायचं. गल्ली तिला ‘अण्णांची पेटी’ म्हणायची.

२००४ साली सरकारनं ठरवलं, अशा पेट्या तपासून प्रमाणपत्र द्यायचं, आणि ज्याला प्रमाणपत्र त्याचीच पेटी तळ्याकडं जाणाऱ्या सगळ्या गटारांत बसवायची. बाळकृष्णानं अर्ज केला. सरकारी परीक्षा तीन पावसांची होती. पाऊस पडत असताना पेटीत शिरणाऱ्या पाण्याची एक बाटली भरायची आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची दुसरी. शंभर भाग घाण आत गेली तर निदान साठ भाग पेटीत अडली पाहिजे, आणि ती तिन्ही वेळा. शिवाय बनवणाऱ्यानं त्या वेळी जागेवर थांबायचं नाही. म्हणून आभाळ भरून आलं की बाळकृष्ण छत्री घेऊन मुकाट्यानं कमरीपेठेला निघून जायचा. कुसुमावती म्हणायची, “खिडकीतनं बघितलं तर कुणाला कळायलंय?” तो म्हणायचा, “मला कळतंय की.”

बाटल्या भरायला धारवाडच्या कचेरीतून श्रीलक्ष्मी नावाची तरुण बाई यायची. पहिल्या पावसाला ती आली आणि गल्लीच्या तोंडाशीच तिची चप्पल चिखलात रुतली. सलवार गुडघ्यापर्यंत बरबटली. गटारातून एक मेलेला उंदीर वाहत आला, तो नेमका तिच्या हाताजवळून गेला. बाई बाटल्या भरून निघून गेली. पण कुसुमावतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या दारात शिकलेली बाई येते, आपल्या माणसाच्या कामासाठी येते, आणि आपण तिला उंदीर दाखवतो! दुसऱ्या पावसालाही तसंच झालं. दोन्ही परीक्षांत पेटी उत्तम पास झाली होती, पण तेवढ्यानं कुसुमावतीची लाज जात नव्हती.

तिसरा पाऊस ऑक्टोबरात आला. त्या दिवशी सकाळीच श्रीलक्ष्मीचा फोन आला, “आज नक्की पडणार, दुपारी येते.” बाळकृष्ण छत्री घेऊन गेला. कुसुमावतीनं पदर खोचला. शेजारच्या शेवंताला हाक मारली, समोरच्या कौसल्याला हाक मारली, त्यांनी आणखी चौघींना. सात बायकांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रस्ता झाडला. कोपऱ्यावरचा मातीचा ढीग पाट्या भरून मागच्या मोकळ्या जागेत टाकला. गटारातलं प्लास्टिक काठीनं ओढून काढलं, बोअरचं पाणी सोडून गटार खराट्यानं घासलं. पाऊस येणार हे माहीत असूनही शेवंतानं दारात रांगोळी काढली. पेटीला मात्र कुसुमावतीनं कुणाला बोटसुद्धा लावू दिलं नाही. त्या दिवशी पेटी सरकारची होती, गल्ली तिची होती.

चार वाजता पाऊस कोसळला. श्रीलक्ष्मी छत्री धरून गटारापाशी वाकली, पहिली बाटली भरली, वर धरून बघितली आणि क्षणभर तशीच थांबली. मग म्हणाली, “भाळ स्वच्छ इट्टीरी अल्री, अक्का.” फारच स्वच्छ ठेवलंत की हो. कुसुमावतीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिनं बाईला घरात बोलावून चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि चहा दिला. बाईनं अर्धंच गिरमिट खाल्लं, तिचं लक्ष कुठंतरी दुसरीकडं होतं. घाई असेल, कुसुमावतीला वाटलं.

डिसेंबरात पत्र आलं. कन्नडमधून, दोन ओळींचं. तिसऱ्या चाचणीत ठरलेलं प्रमाण गाठलं नाही, सबब अर्ज नामंजूर. आकडे नाहीत, कारण नाही. सरकार दोन ओळींत माणसाला उभा चिरतं आणि खाली गोल शिक्का मारतं.

बाळकृष्ण चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही. त्यानं पत्राची घडी घातली आणि म्हणाला, “माझंच चुकलंय कुठंतरी.” त्या दिवसापासून त्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला. नवीन काम घ्यायचा बंद झाला. सकाळी उठून जुन्या हुबळीत हिंडायचा, वीस वर्षांपूर्वी टाक्या करून दिलेल्या घरांची दारं वाजवायचा. “गळत नाही ना? सांधा धरून आहे ना?” लोक म्हणायचे, “अण्णा, एक थेंब गळत नाही.” त्याचं समाधान व्हायचं नाही. वर चढून सांध्यावरून बोट फिरवून बघायचा. एका घरच्या सुनेनं तर कुसुमावतीला बाजारात गाठून हळूच विचारलं, “अण्णांची तब्येत बरी आहे ना?”

ते ऐकून कुसुमावती घरी आली ती रडतच. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला न सांगता ती धारवाडच्या बसमध्ये बसली.

श्रीलक्ष्मीनं तिला ओळखलं. खुर्ची दिली, दार लोटून घेतलं आणि कागद काढला. “अक्का, पहिल्या दोन पावसांत आत गेलेलं पाणी चहासारखं होतं. पेटीनं त्यातली चारात तीन हिस्से घाण अडवली. तिसऱ्या वेळी आत गेलेलं पाणीच जवळजवळ निवळ होतं. पेटीनं अडवायचं काय? आत गेलं तसंच बाहेर आलं. टक्केवारी वीससुद्धा भरली नाही.”

कुसुमावतीला पहिल्यांदा नीट कळलंच नाही. मग कळलं. तो खराटा, त्या पाट्या, ती रांगोळी.

“अहो, पण ते तर मी...”

“थांबा.” बाईनं हात वर केला. “पुढचं मला सांगू नका. बनवणाऱ्यानं किंवा त्याच्या घरच्यांनी चाचणीच्या जागेत काही फेरफार केला तर अर्ज कायमचा बाद, असा नियम आहे. कागदावर आता फक्त नापास आहे. नापास झालेल्याला पेटीत थोडा बदल करून पुढच्या वर्षी परत बसता येतं. वर्षभर गप राहा, अक्का. अण्णांना सांगा, जाळी बदला आणि नवा अर्ज करा.”

बाई चांगली होती, तिनं चांगलाच सल्ला दिला. पण ती गदगच्या ट्रंकेची गोष्ट ऐकून नव्हती. कुसुमावतीला बसमध्येच सगळं स्वच्छ दिसलं. नवऱ्याला सांगायचं म्हणजे कचेरीला सांगायचं. हा माणूस खरं कळल्यावर एक दिवस गप राहणार नाही. सांगितलं तर प्रमाणपत्र जन्मात मिळणार नाही. नाही सांगितलं तर वर्षानं मिळेल कदाचित, पण तोवर हा माणूस लोकांच्या टाक्यांवर चढून सांधे चाचपत फिरणार.

दोन महिने ती गप राहिली. दोन महिने तिला अन्न गोड लागलं नाही. झाडू हातात धरवेना, म्हणून अंगण झाडायचं कामही तिनं शेवंताकडं दिलं. एकदोनदा ती म्हणाली, “नुसती जाळी बदलून बघा की.” तो म्हणाला, “जाळीत काही नाही. मुळातच खोट आहे.”

फेब्रुवारीत एका सकाळी गटारातून घणाचा आवाज आला. ती बाहेर धावली. बाळकृष्ण गुडघाभर खड्ड्यात उतरून पेटीचा तिसरा कप्पा छिन्नीनं तोडत होता. काथ्या रस्त्यावर फेकलेला होता. जो सांधा त्यानं आठ दिवस जीव लावून बसवला होता, तोच तो फोडत होता.

“काय करायलाय हो?”

“मोडीत घालतो. डोक्याला ताप नको.”

“मोडू नका!”

“का नको? नापास पेटी काय पूजेला ठेवायची?”

“पेटी नापास नाही. मी नापास केलं तिला.” आणि मग कुसुमावतीनं गटाराच्या काठावर उभं राहूनच सगळं सांगितलं. सात बायका, पाट्या, खराटा, बाटलीतलं निवळ पाणी, धारवाड, नियम, गप राहायचा सल्ला. बोलताना ती त्याच्याकडं बघत नव्हती. तो आता ओरडेल, छिन्नी फेकेल, निदान एक शिवी तरी देईल, याची ती वाट बघत होती. शिवी मिळाली असती तर तिला हलकं वाटलं असतं.

बाळकृष्ण छिन्नी हातात धरून उभा होता. त्यानं एवढंच विचारलं, “म्हणजे पेटी चालती?”

“चालती हो. तीन हिस्से अडवती, असं मॅडम म्हणाल्या.”

तो खड्ड्याच्या कडेवर बसला आणि हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चिखलाच्या हातानं त्यानं ते पुसलं आणि तोंड काळं करून घेतलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला तिचा नवरा दिसला. मग तो उठला, काथ्या गोळा करायला लागला आणि म्हणाला, “आज लिहून पाठवायला पाहिजे.”

“मला ठाऊक होतं!” कुसुमावती भडकली. “म्हणूनच सांगितलं नव्हतं! वर्षभर गप बसलात तर काय बिघडतंय?”

“त्यांच्या कागदावर ही पेटी गाळ अडवत नाही असं लिहिलंय. ते खोटं आहे, कुसुम.”

“आणि बाद झाला तर?”

“बाद झालेलं चालेल. नापास नको.”

संध्याकाळी त्यानं कचेरीला कन्नडात पत्र लिहिलं. ‘माझ्या घरच्यांकडून नकळत’ असं मोघम लिहिलं होतं, तिचं नाव त्यात नव्हतं. कुसुमावतीनं पेन ओढून घेतलं आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहून सही केली.

उत्तर तीन महिन्यांनी आलं. अर्ज कायमचा बाद. पेटी सार्वजनिक गटारात विनापरवाना आहे, सबब काढून टाकण्यात येईल. तोवर बाळकृष्णानं तिसरा कप्पा पुन्हा जोडला होता आणि वळवाचे तीन मोठे पाऊस त्या पेटीतून गेले होते.

मे महिन्याच्या शेवटी चार माणसं पहारी आणि साखळ्या घेऊन आली. नोंद करायला श्रीलक्ष्मी आली होती. या वेळी बाळकृष्णाला जागेवर थांबायला बंदी नव्हती. तो घराच्या पायरीवर उभा राहून, “डावीकडनं उचला, तिथं कडी आहे,” असं त्या माणसांना सांगत होता. आपली पेटी काढतानासुद्धा ती वाकू नये, याची त्याला काळजी.

पेटी वर आली आणि एका अंगावर कलंडली. आतला गाळ भसकन रस्त्यावर आला. काळा, तेलकट, घट्ट. पिशव्या, काचा, चपलेचा तुकडा, आणि मातीवर माती. अख्ख्या गल्लीच्या तोंडाला पदर लागले. एवढं सगळं तीन पावसांत तळ्यात गेलं असतं. माणसांनी पेटी ट्रॅक्टरवर चढवली. श्रीलक्ष्मीनं वहीत ‘काढली’ असं लिहिलं, आणि पेन हातात तसंच धरून ती त्या ढिगाकडं बघत राहिली. तिच्या चपलांपर्यंत गाळ येऊन पोचला होता.

शेवंता सवयीनं धावत खराटा घेऊन आली. साहेबांची माणसं दारात, आणि ही घाण! ती झाडायला वाकली, तोच कुसुमावतीनं तिच्या हातातून खराटा हिसकून घेतला.

“राहू दे,” ती म्हणाली. “झाडू नको. मॅडमना बघू दे.”

श्रीलक्ष्मीनं पाय मागं घेतला नाही.