अहो-जाहो

मिरचीच्या सरीत वाकून मी सकाळपासून तण काढत होते आणि काढता काढता सख्ख्या भावाला शिव्या घालत होते. जमीन इतकी तडकली होती की खुरपं भेगेत अडकायचं. झाडांवर बोटभर मिरच्या लागल्या होत्या. ह्या आठवड्यात एक पाणी मिळालं तर पीक हाती, नाही मिळालं तर सगळं सरपण. वर पाट भरून वाहत होता. माझ्या वावरातून तो दिसत नव्हता, पण बागाईतदाराची हिरवीगार झाडं दिसत होती. जळायला तेवढं पुरे होतं.

पाटाच्या खालच्या दाराला कुलूप, त्याची किल्ली पाणी सोसायटीच्या अध्यक्षाकडे, आणि अध्यक्ष माझा भाऊ. आता बोला.

आमच्या गावात माणूस कोण, हे पाट ठरवतो. पाटाच्या तोंडाशी राहतात ते वरचे, शेपटाशी राहतो ते आम्ही खालचे. वरचे मोजकेच, पण सोसायटी कायम त्यांची. आम्ही त्यांच्या दुप्पट, पण आमच्यात दोन आळ्या. आम्ही विटा भाजणारे आणि ते मेंढरं राखणारे. त्यांची मेंढरं आमच्या पिकात शिरायची, आमच्या भट्टीचा धूर त्यांच्या घरात जायचा, आणि दोघं एकमेकांचं तोंड बघायचो नाही. निवडणूक आली की वरच्यांचा म्होरक्या, तो बागाईतदार, आमच्या आळीत येऊन मेंढरंवाल्यांबद्दल वाईट बोलायचा, मग त्यांच्याकडे जाऊन आमच्याबद्दल. दोन कप चहात त्याचं काम व्हायचं, तोही चहा आमच्याच घरचा.

यंदा हे मोडलं माझ्या आईनं. ती सरळ मेंढरंवाल्या म्हाताऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसली आणि म्हणाली की भांडणं आहेत तशीच ठेवू, पाणी आल्यावर पोटभर भांडू, कोरड्यात भांडून घसा तेवढा सुकतो. म्हातारा हसला. त्या आळीत आमच्या घरचं माणूस बसलंय आणि कुणी हसलंय, असं मी पहिल्यांदाच ऐकलं. दोन्ही आळ्यांनी मिळून माझ्या धाकट्या भावाला उभं केलं. त्याला सगळं गाव बारक्या म्हणतं. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, त्यामुळे सगळ्या घरांत त्याचा पाय. सभेत उभा राहिला की तोंडात दुसरा शब्द नाही. आपण खालचे, आपलं पाणी, पाळी आपण शेपटापासून सुरू करू. निवडून आला तेव्हा मी गल्लीत नाचले, ह्या वयात.

बागाईतदार भांडला नाही. तो फक्त म्हणाला, "या अध्यक्षसाहेब, बसा."

ह्याच बागाईतदाराच्या घरी बारक्या पोरवयापासून अंगणात उभा राहून मोटारी खोलायचा. त्या घरातली शेंबडी पोरंसुद्धा त्याला अरे-तुरे करायची. आता त्याला खुर्ची मिळाली, बशीतून चहा मिळाला आणि "आपलं काय मत आहे?" असं विचारलं जायला लागलं. लोक म्हणतात त्यानं काहीतरी खाल्लं. छदामही खाल्ला नाही, मी शपथेवर सांगते. एका 'अहो'त माझा भाऊ गेला. खाल्लं असतं तर मला निदान भाव तरी कळला असता.

मग ती सभा झाली. सोसायटीच्या खोलीत पत्र्याखाली आम्ही दाटीनं बसलो होतो, वरचे पुढच्या बाकांवर, आम्ही मागे. बारक्या इस्त्रीच्या शर्टात उभा राहिला. म्हणाला, बागेतली झाडं वर्षानुवर्षांची आहेत, एकदा गेली की गेली. मिरची काय, पुढच्या हंगामात पुन्हा लावता येते. म्हणून ह्या पाळीला खालचं दार उघडायचं नाही, असं आम्ही ठरवलंय.

पाणी मिळणार नाही हे मला नंतर समजलं. आधी ते 'आम्ही' कानात जाऊन बसलं. निवडणुकीआधी तोंडातून 'आपण' सुटत नव्हतं, आणि आता 'आम्ही'. म्हणजे तो आणि पुढचे बाक.

मी उठले. "आम्ही म्हणजे कोण रे?"

"ताई, सभेत अरे-तुरे करायचं नाही," तो म्हणाला. "मी अध्यक्ष आहे."

पुढचे बाक हसले. मेंढरंवाला म्हातारा काठी आपटून उठला आणि म्हणाला की विटा भाजणाऱ्यांवर विश्वास ठेवला ही आमचीच चूक. आमच्यातला एक लगेच मेंढरांवर घसरला. मग सगळी मागची बाजू एकमेकांच्या अंगावर धावली. बागाईतदार हाताची घडी घालून बघत होता. त्याला बोटसुद्धा हलवावं लागलं नव्हतं.

आई तेवढी उठून बारक्यासमोर गेली. "चुकलं आमचं," ती म्हणाली. "आपण अध्यक्ष आहात. आपण म्हणाल तसं."

मला वाटलं टोमणा आहे, उद्या विसरेल. आई विसरली नाही. घरी तो जेवायला आला तर म्हणाली, आपलं ताट वाढलंय. सकाळी म्हणाली, आपण आंघोळ करून घ्यावी. जिनं त्याचं नाक पुसलं ती त्याला पाहुण्यासारखं वागवायला लागली, आणि तोंडावर हसू नाही की राग नाही. आळीनं ते उचललं. पानटपरीवर तो गेला की पोरं उठून उभी राहायची, "बसा अध्यक्ष" म्हणायची आणि निघून जायची. मेंढरंवाल्यांचं आणि आमचं भांडण पुन्हा पेटलं होतं, पण ह्या एका बाबतीत दोन्ही आळ्यांचं एकमत. गावात त्याला बारक्या म्हणणारं कुणी उरलं नाही.

मग त्या दिवशी, मी त्याला शिव्या घालत तण काढत असताना, तो माझ्या वावरात आला. बांधावर उभा राहून म्हणाला, "ताई, आईला सांग ना."

"आपणच सांगा," मी म्हटलं.

त्याचं तोंड पडलं. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. बरं वाटलं. मी खाली मान घालून खुरपत राहिले. तो बराच वेळ त्या मलूल झाडांकडे बघत होता. एक मिरची हातात घेतली तर देठासकट गळून आली. ती त्यानं खिशात टाकली आणि वळला. घराकडे जाईल असं वाटलं, पण तो पाटाकडे निघाला. मी खुरपं टाकून मागे धावले.

मी पोचले तेव्हा कुलूप निघालं होतं आणि तो दाराचं चाक दोन्ही हातांनी फिरवत होता. गंजलेलं दार करकरत वर आलं आणि पाणी आमच्या वावरांकडे जाणाऱ्या कोरड्या चारीत घुसलं. आवाज आळीपर्यंत गेला असावा. बायका, पोरं, भट्टीवरची माणसं राखेच्या हातांनी, मेंढरंवाला म्हातारा, सगळे आले. आई शेवटी आली. सगळे पाण्याकडे बघत होते.

बागाईतदार मोटारसायकलवरून आला आणि उतरलाही नाही.

"ए बारक्या, कुणाला विचारून दार उघडलंस रे? टाक किल्ली इकडे."

इतक्या महिन्यांचं अहो-जाहो एका दमात संपलं. आणि खरं सांगते, माझ्या भावाचा हात पुढे झाला. त्याला द्यायची नव्हती, पण त्या आवाजात हाक आली की हात पुढे करायचा, हे त्याच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. किल्ली बोटांत लटकत होती.

"थांब रे," आई म्हणाली.

कितीतरी दिवसांनी ती त्याला 'रे' म्हणाली. बारक्याचा हात तिथंच थांबला. आई मोटारसायकलीसमोर जाऊन उभी राहिली.

"अध्यक्ष आहे तो," ती म्हणाली. "त्याला अरे म्हणायचा हक्क माझा आहे. तुम्ही अहो म्हणायचं."

"आणि 'टाक' नाही," मागून मेंढरंवाला म्हातारा म्हणाला. "'द्या' म्हणायचं."

बागाईतदारानं आमच्याकडे पाहिलं. एकदा राखेच्या हातांकडे, एकदा काठ्यांकडे. विटावाले कोण आणि मेंढरंवाले कोण, हे त्यालाही तेव्हा वेगळं करता आलं नसावं, कारण सगळे एकातच मिसळून उभे होते. त्यानं घसा साफ केला.

"अध्यक्ष," तो म्हणाला, आणि पुढचं त्याला फार जड गेलं. "किल्ली द्या."

"नाही देत," बारक्या म्हणाला.

आवाज बारीकच होता, पण ऐकू सगळ्यांना गेला. मग त्यानं चप्पल काढली, इस्त्रीच्या शर्टासकट चारीत उतरला आणि पाण्याला अडवणारा पालापाचोळा हातानं ओढून बाहेर टाकायला लागला.