कॅनमधला बर्फ

सूर्यभानने दुधाच्या कॅनमध्ये हात घालून पिशवी बाहेर काढली आणि तो जागीच थबकला. पहाटे बायकोने बर्फाचे तुकडे भरून, गच्च गाठ मारून दिलेली प्लास्टिकची पिशवी चिंधीसारखी लोंबत होती. बुडाशी बोटभर चीर. आत ना बर्फ, ना पाणी.

कॅनचं झाकण घट्ट होतं, वर ओलं पोतं होतं. बर्फ जाणार कुठे? वितळला आणि उतरला दुधात. दूध मात्र अजून गारेगार लागत होतं.

क्रांती चौकामागचं करुणाबाईंचं हे रतिबाचं शेवटचं घर. बाकीच्या घरांत ते दूध केव्हाच पोचलं होतं. बाईंनी पातेलं उजेडात तिरकं करून पाहिलं.

"आज पातळ दिसतंय रे."

सूर्यभानने पिशवी पाठीमागे मुठीत चुरगळली. तो तोंड उघडणार, तोच बाई म्हणाल्या, "उन्हाळाच तसा आहे म्हणा. म्हशींना हिरवा चारा कुठून मिळणार? तू काही पाणी घालणारा माणूस नाहीस."

"व्हय बाई," सूर्यभान म्हणाला.

म्हणाला आणि मेल्याहून मेल्यासारखा झाला. कारण त्याला रामेश्वर आठवला, त्याचा पाठचा भाऊ.

पूर्वी दोघे भाऊ मिळून रतीब घालायचे. अशाच एका उन्हाळ्यात रामेश्वरचं दूध पातळ निघालं. "दादा, बर्फाची पिशवी फुटली असंल. म्या पाणी घातलं नाय," असं त्याने सगळ्या वस्तीसमोर बिरोबाचा भंडारा, म्हणजे देवाची हळद, हातात उचलून शपथेवर सांगितलं. धनगराच्या पोराने भंडारा उचलला की पुढे बोलणं संपतं. पण सूर्यभान म्हणाला, "चोराला भंडाऱ्याची बी भीती नाय," आणि त्याने भावाला वेगळं काढलं. रामेश्वरने दोन्ही म्हशी विकल्या आणि पडेगावात खोली घेऊन तो बांधकामावर जाऊ लागला. सूर्यभान मात्र ही हकिकत घरोघरी सांगत राहिला. सख्ख्या भावालाही सोडलं नाही म्हणून लोक वाहवा करायचे, आणि ती त्याला गोड लागायची. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवत हा माणूस आठ वर्षं दूध विकत होता.

तो घरी गेला नाही. गाडी पडेगावात रामेश्वरच्या दाराशी उभी केली. अमावस्या असल्याने बांधकाम बंद होतं, रामेश्वर ओट्यावर बसला होता. थोरल्याला बघून तो उठला नाही, पण त्याने बसायला जागा केली. सूर्यभानला मात्र बसवेना.

"रामा, ही बघ." त्याने पिशवी पुढे केली. "आज माझी फुटली. तू खरं बोलत व्हतास. म्या ऐकलं नाय."

रामेश्वरने पिशवी पाहिली. मग भावाचं तोंड पाहिलं. आठ वर्षांत दादा लई खंगला होता.

"नाय दादा," तो म्हणाला. "तव्हा म्या पाणीच घातलं व्हतं. हौदातलं. तुमचं बरोबर व्हतं."

दारातून त्याची बायको अक्षदा पुढे आली, तिच्यामागून दोघी पोरी डोकावल्या. "अवो, काय बोलताय? बिरोबाची शपथ घेतली व्हती ना तुमी?"

"तू च्या टाक."

"पण खोटं कशाला..."

"अक्षदा, च्या टाक म्हणलं ना."

ती आत गेली. सूर्यभान ऐकत होता, त्याला सगळं समजलं. त्याने भावाला फुकट चोर ठरवलं होतं, आणि आता तोच भाऊ देवाच्या खोट्या शपथेचं पाप आपल्या डोक्यावर घेत होता. का, तर थोरल्याची मान खाली जाऊ नये. सूर्यभानला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि तो धाकट्याच्या पायांकडे वाकला.

रामेश्वरने दोन्ही पाय झटक्यात मांडीखाली ओढून घेतले.

"दादा, असं नका करू," तो हळूच म्हणाला. "पोरी बघायल्यात."